बृहदश्म मुनींची आम्रनिंदा

पूर्वी कृतयुगात, पर्वतांनी एका जागी स्थिर राहण्याचे मान्य करून फार काळ लोटला नव्हता आणि वृक्षांना मनुष्याची वाणी अजून समजत होती, त्या काळी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, शीतोदा नावाच्या नदीच्या तीरी, रसालवन या नावाने तिन्ही लोकी विख्यात असलेले एक तपोवन होते. त्या वनात एक सहस्र आम्रवृक्ष होते. वसंत येताच त्यांच्या मोहोराचा गंध यज्ञधूमाशी असा एकरूप होई की, आपल्यापर्यंत पोचली ती आहुती की नुसता सुगंध, याविषयी स्वर्गातील देवांनाही क्षणभर संभ्रम पडे. शाखांवरचे शुक अर्धीमुर्धी सूक्ते म्हणत. हरिणे वेदीच्या कडेला निःशंक रवंथ करीत. या वनाची अधिष्ठात्री देवता माकंदिनी. ती कोणाच्या दृष्टीस पडत नसे. परंतु तिच्या स्तुतीची स्तोत्रे आश्रमात एवढी झाली होती की, ती पाठ करण्यासाठी ब्रह्मचाऱ्यांना वेगळा प्रहर राखून ठेवावा लागे.

या तपोवनाचे कुलपती महर्षी बृहदश्म हे होते. त्यांच्या वैराग्याची कीर्ती दिगंतात पसरलेली होती. एक कृष्णाजिन, एक कमंडलू आणि शिळेची शय्या यांपलीकडे त्यांचा संग्रह नव्हता. त्यांच्या भ्रुकुटीला देवेंद्र भीत असे. त्यांची पत्नी सुमेखला मात्र भीत नसे. असे हे वीतराग महर्षी, ज्या वनाचे अधिपती होते त्या वनाच्या फळाला मात्र स्पर्शही करीत नसत. बालपणी एकदा त्यांनी आम्रफळ चाखले होते. त्यानंतर पन्नास वर्षांत त्याचा रस त्यांच्या जिव्हेवर पडला नव्हता. आणि या विषयावर त्यांनी मौन मात्र कधीच पाळले नव्हते.

दर वैशाखात, मध्यान्हीच्या भोजनानंतर, औदुंबराच्या छायेत आश्रमवासी एकत्र बसत. शीतोदेच्या पाण्यात भिजत ठेवलेल्या फळांच्या करंड्या मधोमध येत. दूरदूरचे ऋषी त्या दिवसांत पाहुणे म्हणून येत. त्यांत बृहदश्मांचे बालमित्र पृथूदर हे अग्रणी. प्रत्येकाच्या हाती फळ आले की, सर्वांची दृष्टी कुलपतींकडे वळे.

"बृहदश्मा, आरंभ कर," पृथूदर म्हणत. "हे पहिलेच फळ आहे. तुझे प्रवचन सुरू होईपर्यंत ते मी धर्मबुद्धीने हातात धरून ठेवले आहे."

"पृथूदरा, तुझ्यासमोर सात कोयी पडल्या आहेत."

"माझ्याआधी येथे कोणी बसून गेला असेल, त्याच्या."

"तुझ्याआधी तेथे मी बसलो होतो."

हास्याची लाट उसळे, आणि ती ओसरण्यापूर्वीच बृहदश्म उभे राहत. त्यांचा शुष्क चेहरा उजळे, उत्तरीय खांद्यावर नीट बसे, उजवा हात उंचावला जाई.

"तपोधनहो, ऐका! फळाने कसे असावे? कदलीफळ पाहा. सज्जनाच्या हृदयासारखे ते बोटाच्या स्पर्शाने उघडते आणि हाताला डाग लावीत नाही. नारिकेल कठोर आहे. परंतु मी कठोर आहे, हे ते प्रथमदर्शनीच सांगते. पनस तर आपल्या पक्वतेची घोषणा एक कोस अंतरावरून करतो. आणि हा तुमचा फलराज? वर सुवर्ण, आत कधी अमृत, कधी आम्ल, आणि कधी एक कीटक, तोही सहकुटुंब! देठाला स्पर्श करावा तर चीक ओठ पोळतो. रस प्यावा तर तो मुखात थोडा, मनगटावर अधिक आणि कोपरावर सर्वांत अधिक. ज्या भोजनानंतर पुन्हा स्नानाला जावे लागते, ते भोजन नव्हे. ते सुतक आहे!"

"नाथ," करंडीशी बसलेली सुमेखला शांतपणे म्हणे, "सुतकात कोणी तिसऱ्यांदा वाढून घेत नाही."

"सुमेखले, तुझी साक्ष ग्राह्य नाही. आधी हनुवटी पूस." आणि ते पुढे सरसावत. "चार वेद ज्याला मुखोद्गत, तो विद्वान दातांत अडकलेल्या एका धाग्यापुढे तीन दिवस निरुत्तर होतो. देह केवढा, आणि त्यात कोय केवढी! अर्धे दान करायचे आणि अर्धे पोटात लपवायचे, ही कोणती दानशूरता? याच्यासाठी सत्यव्रती लोक असत्य बोलतात, पृथूदराकडे पाहा. याच्यासाठी संयमी लोक डोळे मिटून जी समाधी लावतात, ती ब्रह्मासाठी असती तर हे वन एव्हाना मोक्षाला गेले असते. दुपारच्या स्वाध्यायात घोरण्याचे सामगान चालते. वानर येतात, शुक येतात, अतिथी येतात. आणि त्या तिघांपैकी वानर तेवढे पोट भरल्यावर निघून जातात. ते बिचारे करवंद! काट्यांत उभे राहून वर्षभर तप करते, आणि या महिन्यात त्याला कोणी ओळख देत नाही. जांभळाने स्वतःचे रक्त ओतले तरी त्याचे नाव कोणी घेत नाही. ज्याच्या तेजाने इतर सर्वांचा विसर पडतो, त्याला राजा म्हणावे की ग्रहण?"

असे ते दोन घटका बोलत. दर वर्षी नवे दोष सापडत; जुने दोष नव्या दृष्टान्तांनी अलंकृत होऊन येत. कित्येक ऋषी तर बारा योजने चालून फळासाठी येत की या निंदेसाठी, हे त्यांचे त्यांनाही निश्चित सांगता आले नसते.

आता या तपोवनाचा एक नियम होता. शीतोदा ही वरुणाची कन्या. तपस्व्यांना ती देताना वरुणाने अट घातली होती: "जी सर्वांना पोसते, तिच्यासाठी आश्रमाच्या कुलपतीने बारा वर्षांतून एकदा आपले एक प्रिय सोडावे. तेवढे मला मिळेपर्यंत मी तिला भूगर्भात बोलावून घेईन." त्याप्रमाणे दर बाराव्या वैशाखात, शुक्ल प्रतिपदेस, नदी पात्रातून अदृश्य होई, कुलपती कोरड्या वाळूत वेदी रचून प्रियत्यागाचा संकल्प सोडी, आणि त्याच दिवशी पाणी परत येई. बृहदश्मांचे गुरू शतधामा यांनी मागच्या वेळी आपली वीणा वरुणाला अर्पण केली होती. नंतरच्या आयुष्यात, कोणी गाऊ लागले की, त्यांची बोटे नकळत स्वतःच्या गुडघ्यावर फिरत असत.

शतधामांच्या पश्चात ही पहिलीच पाळी बृहदश्मांची आली. प्रतिपदेला पहाटे नदी लुप्त झाली. वाळूत वेदी सिद्ध झाली. कुलपती काय सोडणार, या उत्सुकतेने सारा आश्रम तीरावर लोटला. बृहदश्मांनी ओंजळीत उदक घेतले आणि गंभीर स्वरात उच्चारले, "हे अप्पते, हे पाशधर वरुणा! त्रैलोक्यात सर्वांना जे प्रियतम, ते आम्रफळ मी यावज्जीव सोडतो."

पृथूदर हळूच सुमेखलेला म्हणाले, "वहिनी, मी बोकडाला यज्ञोपवीत सोडताना पाहतो आहे, असे मला का वाटते?"

सुमेखला नदीच्या पात्राकडे पाहत होती. पात्र कोरडेच राहिले.

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. डोहांत राहिलेले मासे बगळ्यांनी वेचून नेले. चौथ्या दिवशी, बृहदश्म वेदीशी एकटे बसले असता, वाळू थरथरली आणि मकरावर आरूढ झालेला, शुभ्र छत्र धारण केलेला, हातातील पाशातून पाण्याचे थेंब गाळणारा वरुण प्रकट झाला.

"बृहदश्मा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात समुद्राचा घोष होता, "तू मूठ उघडलीस म्हणून मी ओंजळ पुढे केली. मुठीत काही नव्हते. जे तू कधी धरलेच नाहीस, ते सोडलेस कसे?"

महर्षी खजील झाले नाहीत; त्यांच्या मनात कपट नव्हते. ते उत्तरले, "देवा, पन्नास वर्षांच्या तपाने प्रिय आणि अप्रिय या दोहोंची मुळे मी उपटून टाकली आहेत. मला प्रिय असे काही उरलेलेच नाही. ज्याच्याजवळ स्वतःचे प्रिय नाही, त्याने जगाचे प्रियतम सोडले. यात न्यून कोणते?"

"न्यून एवढेच की, तू असत्य बोलतो आहेस. ते असत्य आहे, हे तुला ठाऊक नाही; म्हणून मी शाप देत नाही. पौर्णिमेपर्यंत अवधी देतो. त्या दिवशी सूर्य मावळताच शीतोदेचा वर येण्याचा मार्ग मिटेल, आणि बारा वर्षे तो उघडणार नाही."

वरुण अंतर्धान पावला. बारा वर्षे! तेवढ्या काळात वन उरणार नव्हते, आणि वनावाचून आश्रमही नाही. बृहदश्मांच्या काळजात प्रथमच भय शिरले. त्यांनी कृष्णाजिन वेदीवर ठेवले. वाळू हलली नाही. कमंडलू ठेवला, हलली नाही. शिळेची शय्या चार शिष्यांनी उचलून आणली, आणि त्यांच्या कण्हण्यापलीकडे काहीही निष्पन्न झाले नाही. इकडे सुमेखला आणि इतर ऋषिपत्नी दोन कोसांवरच्या एका झऱ्यावरून घट भरून आणीत होत्या. त्यांच्या टाचांना भेगा पडल्या. वृक्षांनी पाने मिटली. पाड लागण्यापूर्वीच फळे गळू लागली, आणि ती भूमीवर पडण्याचा आवाज आश्रमात दिवसभर ऐकू येऊ लागला.

चतुर्दशीला सायंकाळी महर्षी पर्णकुटीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या मुखावर अशी कळा होती की, सुमेखलेने हातातला घट खाली ठेवला.

"सुमेखले," ते म्हणाले, "मी फार विचार केला. सर्व वस्तू ठेवून पाहिल्या. आता एकच उरले. मला वाटते, माझे प्रिय म्हणजे तू."

"एवढे कळायला नदी आटावी लागली, नाथ?" ती म्हणाली. मग तिला हसू आले. "परंतु मी तुमची वस्तू नव्हे. जी आपल्या पायांनी चालत तुमच्या घरी आली, तिला वेदीवर ठेवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? शिवाय मला सोडलेत, तर तुमचा कमंडलू तुम्हाला कोण शोधून देईल?"

"मग काय सोडू? तुला ठाऊक असेल तर सांग."

"मला ठाऊक आहे. पृथूदर भावोजींना ठाऊक आहे. शाखांवरच्या शुकांनासुद्धा ठाऊक असावे. मी सांगितले तर ते माझे सांगणे होईल, तुमचा त्याग होणार नाही." तिने घट त्यांच्या हाती दिला. "हे आजचे उरलेले पाणी. एका वृक्षाला पुरेल एवढेच आहे. उद्या सकाळी वनात जा, आणि तुम्हाला वाचवावासा वाटेल त्या एकाला घाला."

पौर्णिमेचा सूर्य उगवला तेव्हा बृहदश्म घट घेऊन वनात शिरले. पहिल्याच वृक्षापाशी ते थबकले. हा तो, ज्याचे फळ देठाशी मधुर आणि टोकाशी आंबट; याच्या दुटप्पीपणावर त्यांनी एक अख्खा वैशाख बोलून काढला होता. याला पाणी घालावे, तर शेजारी तो धाग्यांचा, ज्याला ते 'वल्कलधारी' म्हणत. त्यापलीकडे तो, ज्याच्या चिकाने पृथूदरांचा ओठ आठ दिवस सुजला होता. गोशाळेजवळचा तो ठेंगणा, ज्याची फळे नेमकी कपिला गाईच्या पाठीवर पडत. तो बावळट, जो सर्वांच्या नंतर पिके. तो कृपण, ज्याच्या फळात कोयच कोय. ते चालत राहिले, आणि एकही वृक्ष त्यांना अनोळखी निघाला नाही. ज्यांनी जन्मभर ही फळे चोखली, त्यांना त्यांची नुसती गोडी ठाऊक होती. कोणाची साल जाड, कोणाचा मोहोर उशिरा, कोणाच्या कोणत्या फांदीला कीड लागते, हे त्या सहस्र वृक्षांविषयी सांगू शकणारा एकच मनुष्य त्या आश्रमात होता. वैशाख संपला की पुढच्या वैशाखासाठी तो बारा महिने या वनात हिंडून पाहणी करीत असे, आणि त्या पाहणीला तो दोषदर्शन म्हणत असे.

मध्यान्ह टळल्यावर ते परतले. घट रिकामा होता.

"कोणाला घातले?" सुमेखलेने विचारले.

"ओंजळ ओंजळ. पन्नास-साठ जणांना पोचले असेल." महर्षींनी घट खाली ठेवला. "सर्वांची निंदा केली आहे, सुमेखले. एकालाच कसे घालू?"

तिने पदराच्या टोकाने त्यांच्या भाळावरची धूळ पुसली.

सूर्य पश्चिम समुद्राकडे कलला. तीरावर पुन्हा सर्वजण जमले. काहींनी प्रस्थानासाठी गाठोडी बांधून जवळ ठेवली होती. बृहदश्म वेदीसमोर उभे राहिले. ओंजळीत उदक घेतले, आणि बराच वेळ त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. ज्यांच्या वाणीचा ओघ दोन दोन घटका खंडत नसे, त्यांना एक वाक्य जड झाले होते.

"हे वरुणा," अखेर ते म्हणाले, "मी वीतराग आहे, असे मी पन्नास वर्षे मानले. ते खोटे होते. दर वैशाखात औदुंबराखाली मी जे बोलत आलो, ते मला माझ्या तपाहून प्रिय आहे. आजपासून यावज्जीव मी आम्रफळाची निंदा करणार नाही. वाणीने नाही, खुणेने नाही, भुवई उंचावूनही नाही."

"अरे, भुवई तरी राहू दे!" गर्दीतून पृथूदर कळवळून ओरडले, आणि कोणी हसले नाही.

उदक वाळूवर पडले. त्या क्षणी भूगर्भात मेघगर्जनेसारखा घोष झाला. वाळू दुभंगली, आणि बारा गजांच्या कळपासारखी शीतोदा फेसाळत, उसळत, तटांना धडका देत वर आली. ऋषींनी जयघोष केला, स्त्रियांनी रिकामे घट नदीत फेकले, गाई दावी तोडून पाण्यात शिरल्या. पाण्याच्या मध्यभागी वरुण उभा होता, आणि त्याची ओंजळ या खेपेस भरलेली होती.

तेवढ्यात वनातून एक आक्रोश ऐकू आला. आम्रवृक्षांच्या रांगेतून एक स्त्री धावत आली. तिची कांती पक्व फळासारखी केशरी, केसांत मोहोर, आणि डोळ्यांत अश्रू. ती माकंदिनी होती. ती प्रथमच मनुष्यांच्या दृष्टीस पडत होती.

"जलाधिपते, हे परत कर!" ती वरुणाला म्हणाली. "माझ्या वृक्षांना पाणी दिलेस, पण ज्याच्यासाठी मी वैशाखाची वाट पाहत होते, तेच घेऊन टाकलेस! स्तुती ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. अमृतासारखी, सुवर्णासारखी, पुन्हा अमृतासारखी! त्या स्तोत्रकारांना माझा एक वृक्ष दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. हा एक म्हातारा तेवढा माझ्या प्रत्येक लेकराजवळ थांबत असे. 'वल्कलधारी' हे नाव ऐकून तो वृक्ष त्या वर्षी दुप्पट मोहोरला होता, हे कोणास ठाऊक आहे?"

बृहदश्म ऐकत होते. वल्कलधारीच्या त्या अकारण मोहोरावर त्यांनी पुढच्या वैशाखात टीकाही केली होती.

वरुणाची मुद्रा मृदू झाली. "वनदेवते, माझ्या हाती आलेले दान परत जात नाही. हा नियम माझ्यापेक्षा जुना आहे. याच्या मुखी ती निंदा आता येणार नाही. परंतु दात्याला वर देण्यास तुला कोण अडवतो?"

माकंदिनीने डोळे पुसले. ती महर्षींसमोर आली आणि तिने मोहोराचा एक तुरा त्यांच्या जटेत खोवला.

"मुनिवर, तुमचे मौन मी मोडू शकत नाही. परंतु तुमची वाणी मी वाया जाऊ देणार नाही. ती कलियुगाच्या अंतापर्यंत वाटून देते. जेथे जेथे माझे फळ पिकेल, तेथे प्रत्येक कुळात एक तरी मनुष्य असा निपजेल, ज्याला ते आवडणार नाही. तो त्याची कारणे सांगेल. एकही कारण कोणाला पटणार नाही, आणि तरी ती ऐकल्यावाचून कोणाला फळ गोड लागणार नाही. आणि ज्यांना माझे फळ प्राणांहून प्रिय आहे, त्यांच्याही मुखी तुमच्या वाणीचा एक कण मी ठेवते. म्हणजे त्यांची स्तुतीही निर्भेळ राहणार नाही."

पुढचा वैशाख आला. शीतोदा दुथडी वाहत होती, करंड्या भरल्या होत्या, औदुंबराखाली मंडळी बसली होती. बृहदश्म आपल्या स्थानी मौन धरून होते, आणि त्यांच्या मौनाकडे पाहण्याचे धैर्य कोणाला होत नव्हते. पृथूदरांनी फळ उचलले, देठाशी पिळून पहिला थेंब टाकला, डोळे मिटून घोट घेतला. मग त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"यंदाचा आंबा काही तसा नाही," ते म्हणाले. "गेल्या वर्षीचा काय होता!"

स्वतःच्या तोंडचे शब्द ऐकून ते दचकले. क्षणात चहूकडून मते उठली. कोणाला साल जाड वाटली, कोणाला रस पाणचट. एका कोपऱ्यातून तर एक नवागत ऋषी आपल्या वाट्याचे फळ दूर सारून उभाच राहिला आणि म्हणाला, "क्षमा करा, परंतु मला हे फळ मुळातच रुचत नाही, आणि त्याची कारणे अशी..."

सुमेखलेने पतीकडे पाहिले. महर्षी बृहदश्म मान किंचित तिरकी करून, ओठ घट्ट मिटून, अत्यंत एकाग्रतेने त्या नवख्याचे ऐकत होते. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

माकंदिनीचा तो वर अद्याप खंडित झालेला नाही. आजही फळांची पहिली पेटी घरी उघडली की, पहिला घास घेणारा यंदाच्या फळाला गेल्या वर्षीची सर नसल्याचे सांगतो. आणि पंगतीत एकजण रिकाम्या हाताने बसून, कोपरापर्यंत ओघळणाऱ्या रसाविषयी, धाग्यांविषयी आणि दुपारच्या झोपेविषयी बोलत असतो. ज्या घरी असा मनुष्य असेल, तेथे त्याला एक फोड तरी घेण्याचा आग्रह करू नये. त्याला मधोमध बसवावे, त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे, आणि तो श्वास घेण्यास थांबला की मगच दुसऱ्या फळाला हात घालावा. जो असे करील, त्याच्या अंगणातला आम्रवृक्ष पुढच्या वसंतात अधिक मोहोरेल.